लोईच्या उलट्या बाजूने

त्या हिवाळ्यात माझी आई नागपूरहून माझ्याकडे आली आणि माझ्या रूममेटची झाली.

हे वाक्य खोडून त्या जागी काही उदार लिहिता येईल का, ते मी पाहिलं. येत नाही. उदार वाक्यं मला लहानपणापासून पाठ आहेत, आमच्या घरात ती गठ्ठ्यांनी छापून यायची. पण या बाबतीत त्यांतलं एकही खरं नाही.

आई घरकामगार बायकांची संघटना चालवते. त्याआधी, माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा, ती एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायची. शिशाचं एकेक उलटं अक्षर खणातून उचलायचं, हातातल्या पट्टीत लावायचं, ओळ झाली की पुढची ओळ. मी रांगत होते तेव्हा तो छापखाना बंद पडला. पुढे पत्रकं कॉम्प्युटरवर व्हायला लागली आणि घड्या घालायला मी तयार झाले. वाचायलाही मी पत्रकांवरच शिकले. वर्गातल्या बाकीच्या मुलांना ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचता यायचं, मला ‘किमान वेतन’. आई मोर्चात असायची, बैठकीत असायची, कुठल्या तरी वस्तीत कुणाच्या तरी नवऱ्याला समजावत असायची. ती सगळ्यांची आहे, हे मला फार लवकर सांगण्यात आलं आणि मला ते पटलंही. अजून पटतं. ज्या बाईला मालकिणीनं चोरीचा आळ घालून कामावरून काढलंय, तिला माझी आई माझ्यापेक्षा जास्त लागते. यात वाद नाही.

पण माझ्या रूममेटला, लुधियानाच्या या मुलीला, काय कमी होतं?

आम्ही दोघी शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूला लागून असलेल्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी विद्यापीठात संशोधन करते आणि शिकवते. ती एका कंपनीसाठी कोड लिहायची, तोही बहुतेक दिवस घरूनच, पायजम्यात बसून. तिचं सगळं चांगलं होतं. स्वभाव चांगला, पगार चांगला, केस चांगले. एप्रिलपासून सांता क्लाराला आणखी मोठी नोकरी ठरलेली. भांडायला कारण म्हणून शोधावं तर भांडीसुद्धा ती माझ्या आधी घासून ठेवायची.

आईच्या तीन महिन्यांचा मी बेत आखून ठेवला होता. आम्ही शिकवणारे विद्यार्थी विद्यापीठात युनियन उभी करत होतो आणि आमचं पहिलं मोठं पत्रक मी लिहिलं होतं. इंग्रजीत होतं, पण मी तिला ओळ न् ओळ मराठी करून सांगणार होते. ती पेन्सिल घेऊन बसणार, ‘हे वाक्य तोड, इथं वाचणाऱ्याला दम लागतो’ असं म्हणणार. इतरांच्या पत्रकांना ती असं करायची तेव्हा मी तिच्या पाठीमागे उभी राहून बघायची. आता माझ्या पत्रकाची पाळी होती. बैठकांनाही तिला नेणार होते. ‘ही माझी आई,’ असं मी सगळ्यांना सांगणार होते, आणि हे सांगताना कसं उभं राहायचं तेसुद्धा मी मनात ठरवलं होतं.

आई जानेवारीत आली. पहिले काही दिवस खिडकीशी बसून ती नुसतं बर्फ बघत राहिली. “हे लोक एवढं मीठ रस्त्यावर टाकतात?” एवढंच विचारायची. मग एका रविवारी माझ्या रूममेटनं कपाटातून लोई काढली.

लोई म्हणजे पंजाबात थंडीत पांघरतात ती लोकरीची मोठी शाल. ही विटकरी रंगाची, हातमागाची, चांगली जाड होती. तिच्या नानीनं नातीसाठी तिच्यावर फुलकारी भरायला घेतली होती. एका काठावर मोरांची रांग पूर्ण झालेली होती, पिवळ्या आणि गुलाबी रेशमाची, सगळे उजवीकडे तोंड करून निघालेले. मग नानीला दिसेनासं झालं आणि दुसरा काठ रिकामाच राहिला. तो आपण भरायचा असं नातीनं ठरवलं होतं. आणि तिचे मोर सारखे डावीकडे तोंड करून येत होते.

याचं कारण असं, की फुलकारी कापडाच्या मागच्या बाजूनं भरतात. कापडाचे धागे मोजत सुई चालवायची. रेशमाचे लांब टाके पुढच्या बाजूला पडतात, मागे राहतात ते नुसते ठिपके, आणि भरणारीला तेवढेच दिसतात. फूल असलं तर बिघडत नाही, ते दोन्हीकडून सारखंच. पण मोराला तोंड असतं. पुढचा मोर बघून तो तसाच्या तसा मागून भरला, की पुढे पाठ फिरवून उभा राहतो.

“फिर से उल्टा!” ती सोफ्यावर जवळजवळ रडत ओरडली. “यार, मुझसे नहीं होगा.”

“काय करून राहिली ही पोट्टी?” आईनं मला विचारलं.

मी सांगितलं. आईनं चष्मा बदलला, लोई मांडीवर घेतली आणि नानीच्या काठाची मागची बाजू बोटानं चाचपत गेली. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं.

“इसमें क्या है?” ती नागपुरी हिंदीत म्हणाली. “अपने को उल्टाच तो वाचने का है.”

संध्याकाळपर्यंत तिचा पहिला मोर झाला. टाके ओबडधोबड होते, पण तोंड उजवीकडे होतं. माझ्या रूममेटनं लोई उलटून पाहिली, किंचाळली आणि आईला मिठी मारली. “आंटी, आप तो जादूगर हो!”

“आंटी नको म्हणू,” आई म्हणाली. “मावशी म्हण.”

मी टेबलाशी पत्रक उघडून बसले होते. आई उलटं वाचते हे मला माहीत होतं. बँकेत, कचेरीत, समोरच्या साहेबाच्या टेबलावरचा कागद ती बोलता बोलता आपल्या बाजूनं वाचून काढायची. ते कसब आमच्या घरचं होतं. आमच्या पत्रकांतून ते तिच्या डोळ्यांत आलं होतं, शिशाच्या धुळीतून, रॉकेलनं धुतलेल्या खिळ्यांतून. माझ्या वाट्याला ते कधी आलंच नाही, मी घड्या घालणारी. आणि आता ते लुधियानाच्या मोरांवर खर्च होत होतं.

त्यानंतर रोज तेच. खिडकीपाशी आमचा दोन जणांचा सोफा होता, तिथे सकाळी ऊन यायचं. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये लोई. ऑफिसची मीटिंग चालू असली की ती कॅमेरा बंद करायची, माइक बंद करायची आणि आईशी गप्पा मारायची. मी बसनं विद्यापीठातून परत यायची तेव्हा घरात ओव्याच्या पराठ्यांचा वास असायचा आणि दोघींचं जेवण झालेलं असायचं. माझं ताट झाकून ठेवलेलं. पाहुण्यासारखं.

“आज काय केलंस?” मी विचारायची.

“एक मोर झाला,” आई म्हणायची. “आणि हिला मी तर्रीची भाजी शिकवली. नाकातून पाणी काढलं पोरीच्या.”

तिला ती बाळा म्हणायला लागली. ‘बाळा, ती कात्री दे.’ ‘बाळा, बघ बरं पुढून कसं दिसतं.’ मला आई लहानपणापासून थट्टेनं कॉम्रेड म्हणते. त्याचा मला इतका अभिमान होता, की आपल्याला बाळा कुणी म्हटलं नाही हे मला सव्विसाव्या वर्षापर्यंत जाणवलंही नव्हतं.

फेब्रुवारीत थंडी वाढली. रेडिएटरच्या कोरड्या हवेनं आईच्या बोटांना भेगा पडल्या. फुलकारीचं रेशीम पीळ न दिलेलं असतं, मऊ आणि सुटं, खरखरीत बोटाला लगेच अडकतं. आईचा धागा सारखा विसकटायला लागला. मी एका संध्याकाळी आले तर माझी रूममेट जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि आईचा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन एकेका बोटाला क्रीम चोळत होती. नखाच्या कडेपासून पेरापर्यंत, मग पुढचं बोट. आई डोळे मिटून बसली होती. टीव्हीवर कसली तरी जाहिरात लागली होती.

“मावशी, सोने से पहले रोज़ लगाना. सुबह धो लेना, नहीं तो धागे पे दाग़ पड़ेगा.”

“हो गं बाई, डॉक्टरीण.”

मी बूट काढायला नको इतका वेळ लावला. आईचा हात मी आयुष्यात धरला तो रस्ता ओलांडण्यापुरता. मोर्च्याच्या गर्दीत धरायचे, चौक पार झाला की ती सोडायची, कारण दुसऱ्या हातात फलक असायचा आणि घोषणेला एक हात मोकळा लागायचा. तिच्या बोटांना भेगा पडल्यात हे मी पाहिलं होतं. फार्मसीवरून बस जाते. मला उतरता आलं असतं. पण मला वाटलं होतं, आईला असलं काही लागत नाही.

त्याच आठवड्यात पत्रकाचं ते झालं. खर्डा मी आईसाठी मराठी करून, छापून सोफ्याच्या हातावर ठेवला होता. ती वाट बघतेय असं मला वाटत होतं. एके दिवशी सुया-धाग्यांच्या डब्यात माझा कागद दिसला, चार घड्या घालून चपटा केलेला, आणि त्यावर पिवळं रेशीम गुंडाळलेलं. मालकांना उद्देशून लिहिलेलं माझं सगळ्यात जोरकस वाक्य रेशमाच्या दोन वेढ्यांमधून अर्धं दिसत होतं.

“आई, हे काय आहे?”

“गुंडाळी आहे. कागद चांगला जाड होता.”

“ते माझं पत्रक आहे!”

“हो का?” तिनं चष्म्यावरून पाहिलं. “मला वाटलं झालेलं असंल. फार लांब आहे बाप्पा. सगळा पिवळा धागा गुंडाळूनबी उरलं.”

माझी रूममेट फस्सकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. “सॉरी यार. सॉरी, सॉरी.” तिला मराठी कळायला लागलं होतं. तेही माझ्या आईकडून.

त्या दिवशी जेवताना मी भाषण केलं. मला भाषण करता येतं. मी म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या मुलींना घरात बसवून त्यांच्याकडून लग्नाचे कपडे भरून घेतले, त्यांचे डोळे, त्यांच्या दुपारी फुकट वापरल्या, आणि त्याचं नाव ठेवलं संस्कृती. आता त्याच कपड्याचं इथे दुकानाच्या काचेत प्रदर्शन होतं आणि भरणारीचं नाव कुणाला ठाऊक नसतं. मी म्हणाले, आई, तू आयुष्यभर बायकांना घराबाहेर काढलंस आणि इथे येऊन खिडकीत भरतकाम करत बसलीस. मी नानीच्या डोळ्यांपर्यंत गेले.

“नानी को शुगर है, यार,” माझी रूममेट हळूच म्हणाली.

“झालं?” आई म्हणाली. “पाणी पी. ‘त्याचं नाव ठेवलं संस्कृती’ हे वाक्य माझं आहे. मीच लावलंय ते खिळ्यांत, माझ्या हातानं.”

“मग तरी तू हे का करतेस?”

आईनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. “आवडून राहिलं म्हणून,” ती म्हणाली.

माझा मुद्दा चूक नव्हता. आजही नाही. फुकटच्या श्रमाला फुकटचे श्रम म्हटलंच पाहिजे, त्यावर मोर असले तरी. पण ‘आवडून राहिलं म्हणून’ याला उत्तर देणारं पत्रक आमच्या घरात कधी छापलं गेलं नव्हतं. मुद्द्यावर हरल्यापेक्षा हे वाईट होतं. तिला जे आवडत होतं, ते माझ्याबरोबर नव्हतं. एवढंच त्या उत्तरातून मला कळलं.

एकदा नानीचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या रूममेटनं लोईचा नवा काठ फोनच्या अगदी जवळ नेला आणि नानी दिसतंय की नाही ते न सांगता वाहवा करत राहिली. आई हिंदीत बोलत होती, नानी पंजाबीत. एकमेकींचं अर्धंही त्यांना कळत नव्हतं आणि दोघी खो खो हसत होत्या. मग नानीनं काहीतरी विचारलं आणि माझी रूममेट लाल झाली.

“क्या बोली?” आईनं विचारलं.

“कुछ नहीं, मावशी.”

“बोल नं.”

“पूछ रही है... पीछे टेबल पे वो थानेदारनी कौन बैठी है.”

आई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पदरानं डोळे पुसत ती फोनला म्हणाली, “मेरीच है, अम्मा. मेरीच है वो.”

मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. पुढचे दोन दिवस बसमध्ये, वर्गात, प्रयोगशाळेच्या जिन्यात मी ते वाक्य मनात म्हणत होते. मेरीच है. मग घरी येऊन पाहायची तर सोफ्यावर ऊन, लोई, आई आणि ती.

आईच्या परतीला आठवडा उरला तेव्हा काठ पूर्ण होत आला होता. रांगेच्या टोकाला एका मोराची जागा आणि कोपऱ्यातली थोडी फुलं तेवढी बाकी होती. शनिवारी दोघी डेव्हनवर मेथी आणि मिठाई आणायला निघाल्या. मलाही बोलावलं. मी म्हणाले, मला खोकला आहे. खोकला खरंच होता, पण तेवढा नव्हता.

लोई सोफ्यावर पडली होती. मी आईच्या बाजूला बसले. त्या रांगेत आईच्या मोरांना लागून माझ्या हातचं काहीतरी उभं राहावं, असं मला अचानक इतकं वाटलं, की मी सुई घेतली. भरतकाम मी कधी केलं नव्हतं, पण हिवाळाभर मी टेबलावरून दुसरं काय पाहत होते? धागे मोजले, चुकले, परत मोजले. नानीचा मोर समोर धरला आणि हुबेहूब तसा भरत गेले. खिडकीबाहेर बर्फाचा उपसा करणारी गाडी येऊन गेली. रेशीम माझ्या बोटाला अडकलं नाही, याचाही मला आनंद झाला. शेवटचा टाका घालून मी लोई उलटली.

माझा मोर डावीकडे तोंड करून उभा होता. रांगेतल्या आईच्या शेवटच्या मोराच्या चोचीला चोच भिडवून, भांडायला आल्यासारखा.

लपवायला वेळ होता. मी लपवला नाही. दोघी वर आल्या, टोप्यांवर बर्फ, हातात पिशव्या, गाल लाल. माझी रूममेट सोफ्याकडे गेली आणि थांबली.

“ये तूने किया?”

“हो.”

ती वाकून बघत राहिली. लोकर तिची, रेशीम तिचं, नानी तिची. ती चिडली असती तर मला फार बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, “कितना क्यूट है यार. रहने दो ना. नानी भी एक गलती जान के छोड़ती थी. नज़र ना लगे इसलिए.”

आईनं चष्मा लावला. मोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोराकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवून हसायला लागली.

“घ्या! जिची नजर लागायची, तिनंच गलती करून ठेवली!”

“किसकी नज़र, मावशी?”

“इसकीच. किसकी और? आल्यापासून बघून राहिली मी.”

मी तिच्याकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“तोंडावर छापलंय तुझ्या. तेबी मोठ्या टाइपात.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी काहून बोलू? तुला पाहिजे, तू बोल.” आई आता हसत नव्हती. गळ्याभोवतीचा मफलर सोडवत होती. “जगाला काय पाहिजे ते तू लिहितेस. चांगलं लिहितेस, मी वाचलं ते, गुंडाळायच्या आधी. तुला काय पाहिजे ते कुठं लिहिलं होतं त्याच्यात?”

माझी रूममेट मेथीची जुडी छातीशी धरून उभी होती. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं. पण तिच्या पाठीमागे तीन महिने माझं मनात पुष्कळ बोलून झालं होतं, आणि मला भेकडासारखं वागायला शिकवलेलं नाही.

“मला तू पाहिजेस,” मी म्हणाले. “हिच्याशिवाय.”

बोलल्यावर ते फार लहान मुलाचं वाक्य वाटलं. मग माझी रूममेट स्वयंपाकघरात गेली आणि आम्हाला नळाचा आवाज ऐकू यायला लागला. मेथी धुवायला एवढं पाणी लागत नाही.

“उसवते मी तो,” मी म्हणाले.

“अरे रहने दे यार,” ती आतून ओरडली, “सच में. अच्छा लगता है.”

या चांगुलपणानं तर माझा संताप झाला. माझी चूक तिच्या शालीवर शोभा म्हणून राहणार, तिकडे सांता क्लारात कुणी विचारलं की ती गोड हसून सांगणार, ही माझ्या वेड्या रूममेटची आठवण. मला तिच्या लोईवरची गंमत व्हायचं नव्हतं. मी कात्री घेतली.

“कात्रीनं नको,” आई म्हणाली. “लोकर कापली जाईल. ठेव. सोमवारी ती ऑफिसात जाणार आहे. तेव्हा आपण बसू.”

‘आपण’ म्हणाली. मी कात्री ठेवली.

सोमवारी मी वर्ग दुसऱ्याला घ्यायला सांगितला. युनियनची दुपारची बैठकसुद्धा बुडवली, आणि बैठक मी त्याआधी कधीही बुडवली नव्हती. आई सोफ्याच्या टोकाला बसायला गेली तर मी म्हणाले, समोर नको, इकडे बस, एकाच बाजूला. आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. लोई दोघींच्या मांडीवर, उलटी.

आधी उसवायचं होतं. सुईच्या मागच्या टोकानं एकेक टाका उचलायचा, रेशीम ओढायचं नाही, सैल करून काढून घ्यायचं. लोकरीचे तंतू बरोबर वर येत होते, ते आई बोटानं परत दाबून बसवत होती. मोर गेला तिथे कापड थोडं पिसारलेलं राहिलं.

मग शिकवणी सुरू झाली. मी नानीचा मोर जवळ घ्यायला गेले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

“ते बघू नको. ते बघूनच तर चुकलीस.”

“मग काय बघू?”

“तू बाहेर उभी राहून बघतेस. तू कापडाच्या आत आहेस असं समज. मोर तुझ्या पुढं चालला आहे, तू त्याच्या मागून बघून राहिली. आम्हाला खिळे लावताना सांगायचे, तू वाचणारी नाहीस. तू कागद आहेस. अक्षर तुझ्यावर येऊन पडणार आहे.”

“हे मला कधी का नाही शिकवलंस?”

“तू मोठी झाली तवा छापखाना होता कुठं? आणि घड्या काय कमी महत्त्वाच्या होत्या?”

मला ते लगेच जमलं नाही. चोच परत डावीकडे गेली, तिनं परत उसवायला लावली. तिचं बोट माझ्या बोटावर ठेवून ती सुई वळवत होती. तिच्या बोटांना त्या क्रीमचा वास होता, बदामाचा. मी तो वास सहन केला.

मध्येच तिनं चहा केला. बाबांचा गुडघा, नागपुरात घरासमोर उघडलेलं मोबाइलचं दुकान, संघटनेतल्या एका बाईच्या मुलीचं ठरलेलं लग्न आणि त्यात जेवणाला काय असावं यावरचं भांडण, असं काहीबाही आम्ही बोललो. आल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघी काहीही महत्त्वाचं बोललो नाही. ऊन सोफ्यावरून जमिनीवर उतरलं, तिथून भिंतीकडे गेलं. एकदा अचानक ठिपक्यांचा अर्थ लागला. मला मागून मोर दिसला. कुठे जायचंय ते त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

“हां,” आई म्हणाली. तेवढंच. तिच्या त्या ‘हां’साठी लोक वर्षानुवर्षं संघटनेत राहिले आहेत.

आम्ही लोई उलटली. मोर रांगेत होता, उजवीकडे तोंड करून, बाकीच्यांसारखाच. जरा जाड, पण रांगेतला.

तेव्हाच दाराची किल्ली फिरली. माझी रूममेट दारात उभी राहिली. बुटांना मिठाचे पांढरे डाग, एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग. ती काहीतरी सांगत आत येत होती, ट्रेनबद्दल, आणि सोफ्याकडे पाहून अर्ध्यावर थांबली. आईचा हात माझ्या हातावर होता. लोई, तिची लोई, आमच्या दोघींच्या मांडीवर होती.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते ओळखायला मला क्षणही लागला नाही. हिवाळाभर ते माझ्या चेहऱ्यावर होतं. ओठांनी हसायचं आणि डोळे भलतीकडे वळवायचे. ती खाली बघून बुटांची चेन काढायला लागली, आणि त्याला तिनं नको इतका वेळ लावला.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

“हो गया?” ती उभी राहत म्हणाली. “सीधा हो गया?”

“हो गया. हिनंच केला,” आई म्हणाली.

“मस्त है.” ती जवळ आली, काठावरून हात फिरवला, आणि मग मऊ आवाजात म्हणाली, “मावशी, मैं भी बैठूँ?”

“ये नं, बाळा,” आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

तिसरी बसायची तर कुणीतरी सरकायला हवं होतं. कोपऱ्यातली फुलं अजून राहिली होती. मी डब्यातून गुलाबी रेशीम घेतलं, सुई उजेडाकडे धरली आणि ओवायला लागले. मी सरकले नाही.